तिखट नसलेलं जेवण

आई, आपल्या धाकट्याला घेऊन मी इथल्या प्राधिकरण वसाहतीतल्या एका हॉटेलात जेवायला गेले होते, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. आमच्या मागच्या गल्लीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे ते. पांढऱ्या भिंती, मोजकी टेबलं, आणि युरोपच्या पद्धतीचं जेवण, भल्यामोठ्या ताटलीच्या मधोमध एवढंसं वाढलेलं. भाजी घेऊन रोज तिथूनच येते, पण आत कधी डोकावले नव्हते. त्या रविवारी गेले, कारण मंगळवारी त्याचं ऑपरेशन होतं.

त्याच्या जिभेला कॅन्सर झाला, आई. चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून गालात धरलेली तंबाखू, वर्षानुवर्षं. जवळजवळ सगळी जीभ काढावी लागेल, असं डॉक्टरांनी त्याच्या तोंडावरच सांगितलं. लग्न केलं नाही त्याने, तिकडे खोलीवर एकटाच राहायचा. मी त्याला माझ्याकडे आणलं. तिखटाचा कण जरी लागला तरी टेबल घट्ट धरून बसायचा, म्हणून दोन्ही वेळा दूधभात. हा कोण, तर तुझा तो लेक! पिंपरीच्या त्या एका खोलीत तू स्टोव्हवर मिरच्या भाजायचीस, अख्खी चाळ खोकायची, आणि हा ठेच्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. "आतडी जळतील रे लेकरा," म्हणत तू एका हाताने धपाटा घालायचीस आणि दुसऱ्या हाताने ठेचा वाढायचीस. त्या सकाळी दूधभात बाजूला सारून तो म्हणाला, "ताई, तिथं तिखट घालतच नाहीत म्हणे. एकदा नीट जेवू दे मला."

इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्यासमोर बसलाय. मालकीणबाई स्वतः येऊन विचारतात, "काही चालत नाही असं आहे का?" "तिखट," तो म्हणतो. त्या हसतात, "मग बरोबर जागी आलात, दादा." त्यांना काहीच माहीत नाही. आधी लाल भोपळ्याचं सूप येतं, वर भाजलेल्या लोण्याचे थेंब. पहिला चमचा तो तोंडात किती तरी वेळ धरून ठेवतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते, दुखलं की काय म्हणून. "ताई," तो म्हणतो, "हे गोड नाही, खारट नाही, पण लागतंय. अजून लागतंय मला." मग लोण्यात शिजवलेला मासा, बटाट्याचा मऊ लगदा, लिंबाचा वास असलेलं खरवसासारखं काहीतरी. तो अगदी बारके घास करतो. एक एक घास जिभेच्या बऱ्या बाजूला नेतो. "तुझ्यातलं पण दे," म्हणतो आणि माझीही ताटली ओढून घेतो. मासा म्हणजे मला ओला कापूस वाटतो.

निघताना मालकीणबाई म्हणाल्या, "पुन्हा या." तो म्हणाला, "येतो की." बाहेर आल्यावर गल्लीतच माझा दंड धरून उभा राहिला. "चांगलं होतं ना गं?" मी म्हटलं, "हो." तू असतीस तर आणखी काही म्हणाली असतीस.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. जीभ गेली. आता पोटात नळी आहे, तिच्यातून मी पातळ करून घालते ते त्याला पोचतं. काय घातलं ते त्याला कळतही नाही. गेल्या महिन्यात मानेत पुन्हा गाठी आल्या. डॉक्टर आता औषधाचं बोलत नाहीत, फक्त दुखू नये एवढंच बघू म्हणतात. हे लिहून तरी मी कुठे पाठवणार आहे? पण तुझ्याखेरीज सांगू कुणाला. लहानपणी तो किती उशिरा बोलायला लागला, आणि काय बोलतो ते चाळीत कुणालाच कळायचं नाही, तुलाच तेवढं कळायचं. आता दुपारी मी जवळ बसले की तो पुष्कळ बोलतो. घशातून आवाज काढून, हात हलवून, माझ्या डोळ्यांत बघून. लिहून दे म्हटलं की मान हलवतो. ताईला कळतं, असं त्याला वाटतं. मला एक शब्दही कळत नाही, आई. मी नुसती हो हो म्हणते.