टाकीला दिलेला डाग

इर्बिद, गुरुवार

आदरणीय घालिबदादांस,

धाकट्या नायफचा सलाम. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला? आम्ही मजेत, आणि मी तर विशेषच. (फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतोय.)

माझ्या पॉलिथिनच्या टाकीला तुम्ही कायम नावं ठेवलीत. लोखंडी घे म्हणालात. पण दादा, ही गंजत नाही, आणि मी एकट्याने खांद्यावरून गच्चीवर नेली होती. यंदाच्या उन्हाने मात्र ती रविवारी तळाशी, घरात पाणी सोडणाऱ्या तोटीला लागूनच तडकली. आठवड्याचं पाणी जिन्यावरून थेट अबू शुकरीच्या दुकानात! पाणी परत येणार गुरुवारी, आणि शुक्रवारी माझ्या लेकीला, रुबाला मागणी घालायला मुलाकडची माणसं येणार. तुमची भावजय इनसाफ म्हणाली, "सोयऱ्यांना कॉफी कशाची करू? तुमच्या घामाची?"

अबू शुकरीने जालीम गोंद दिला. सकाळी तो दुधावरच्या सायीसारखा अलगद हातात आला. हे प्लास्टिक गोंदाला दादच देत नाही. (हे अबू शुकरीला नंतर आठवलं.) मग माझं डोकं चाललं. जे तापलं की वितळतं आणि निवलं की घट्ट होतं, त्याला गोंद हवाच कशाला? ऑलिव्हच्या लोणच्याचं फुटकं पिंप त्याच जातीचं. त्याची पट्टी कापली, इनसाफचं उलथनं शेगडीवर तापवलं, आणि टाकीत डोकं खाली घालून शिरलो. (कंबरेपर्यंतच. पुढे पोट आडवं आलं.) बाहेरून अबू शुकरी ओरडत होता, "अरे, टाकी सांध, स्वतःला चिकटवून घेऊ नकोस!" पण मी आतून ती पट्टी तडीवर वितळवून असा सढळ हाताने डाग दिला की विचारू नका.

आज पाणी आलं. टाकी काठोकाठ भरली. अख्खी गल्ली गच्चीवर. अबू शुकरीने बुडाखालून तळहात फिरवला आणि म्हणाला, "कोरडी ठणठणीत आहे रे, नायफ!" बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. इनसाफ चक्क "शाबास" म्हणाली. लग्न झाल्यापासून हा शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकला, दादा. डोळ्यांत पाणी आलं.

तुमचा विजयी भाऊ,
नायफ

ता. क. टाकीतून थेंब गळत नाही. घरातल्या नळांतूनही नाही. डाग देताना तोटीचं तोंडही आतून बुजलं असावं. भरल्या टाकीत शिरायला मी मासा नव्हे, आणि इनसाफ ती रिकामी करू देत नाही.

ता. क. दुसरा. उद्या तुमचा दिवाणखाना तेवढा झाडून ठेवा. रुबाचे थोरले काका म्हणून मान तसाही तुमचाच. नाही म्हणायचं असेल तर आजच कळवा, म्हणजे वाईट वाटायला मला वेळ मिळेल. पाहुण्यांना पत्ता मी तुमचाच दिलाय.