समोरचा दिवा

२ नोव्हेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझी मामी उपचारकेंद्रात बरी आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात अजून ऐकत नाही, पण बोलणं पूर्ववत सुरू झालंय आणि बोलणी खाणारा मी एकटाच आहे. महिनाअखेरीस घरी सोडतील. माशांच्या टाकीतली झाडं याच हाताने छाटायची, असं ठरवून ती रोज चिमट्याने मणी उचलते. झाडं कशी आहेत म्हणून विचारते. मी सांगतो, हिरवीगार.

साफ खोटं आहे ते. पानं सडून गळताहेत, समोरची काच शेवाळाने माखली आहे. टाकीवरचा दिवा गेला. दुकानदाराने झाडांसाठीचा खास दिवा दाखवला, त्याची किंमत ऐकून मी काढता पाय घेतला. म्हटलं, जन्मभर नाटकांची प्रकाशयोजना केली, एक टाकी जमणार नाही? समोरून दोन छोटे दिवे लावले, वर सोनेरी जिलेटिन कागद. मासे असे दिसतात की टाळ्या पडाव्यात. सकाळपासून झोपेपर्यंत दिवे चालू असतात, तरी झाडं रुसलेली. तू रोपवाटिकेत काम करतेस, काहीतरी सुचव. मामी येईपर्यंत ती जगली पाहिजेत.

तुझा तोंडघशी पडलेला मामा

८ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

आधी हसले, मग काळजी वाटली. मामा, तुम्ही झाडांना नट समजलात. त्यांना उजेड डोक्यावरून लागतो. पानं समोरच्या काचेकडे झुकली असतील, बघा.

कागद काढा. खास दिवा नको. तुमच्याकडे शिकायला होते तेव्हाचा माझा अभ्यासाचा दिवा माळ्यावर आहे, त्यात पांढऱ्या उजेडाचा साधा एलईडी बल्ब लावा, खोक्यावर ६५०० के लिहिलेला. शिंतोडे उडणार नाहीत इतका उंच ठेवा. सात-आठ तास पुरे, जास्तीचा उजेड शेवाळाच्याच पथ्यावर पडतो. सडलेली पानं कापा, मुळांना हात लावू नका.

आणि मामीला खरं सांगा. रागावलात तरी लोभ तेवढाच ठेवा.

तुमची चिमणी

२४ नोव्हेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

दिवा सापडला, तुझ्या शाईच्या डागांसकट. कागद काढताना जिवावर आलं. हा उजेड म्हणजे प्रयोग संपल्यावर रंगमंच झाडताना लावतात तसला. मासे अगदीच घरगुती दिसतात. पण काल लांब पानांच्या झुडपात, तळाशी, एक कोवळं हिरवं टोक दिसलं. मी खुर्ची ओढून तिथेच बसलो. निम्मी झाडं गेली, निम्म्यांत जीव आहे.

मामीला सांगायचं धाडस मात्र झालं नाही. परवा ती घरी येते आहे. माझ्यासाठी चार चांगले शब्द मनात म्हण.

तुझा मामा

५ डिसेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. झटक्यानंतरचं हे पहिलं पत्र.

आल्या आल्या टाकीपाशी गेले. तुझे मामा माझ्या खुर्चीमागे लपून सगळं कबूल करत होते. राग आला. मग शाईच्या डागांचा तो दिवा पाहिला आणि हसू आवरेना.

आज चिमट्याने एक रोप मी स्वतः लावलं. तिरकं लागलं. मामा सरळ करायला धावले. मी म्हटलं, राहू द्या, आता उजेड वर आहे, ते आपलं आपण सरळ होईल.

हात दुखला, म्हणून थांबते. आमच्यावर माया आहेच, ती घेऊन ये.

तुझी मामी