रांग दिसली की आधी उभं राहायचं

११ मार्च, बुधवार
साथीमुळे शाळा बंद होणार म्हणून टीव्हीवर सांगितलं आणि अख्खं तार्नूव्ह शहर दुकानांकडे धावत सुटलं. मी खिडकीतून बघत होतो. समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर दोन्ही काखांत टॉयलेट पेपरचे गठ्ठे मारून पळत होता. शिकलासवरलेला माणूस! या आजारात खोकला येतो म्हणतात, आणि हा भलतीकडचीच तयारी करतोय. पोट धरून हसलो.
या लोकांनी टंचाई पाहिलेलीच नाही. आम्ही रिकाम्या दुकानांचं ब्याऐंशी साल काढलंय. मी तर पुढे जन्मभर फर्निचर कारखान्याचं गोदाम सांभाळलं. मला कोण शिकवणार?
निश्चय: जास्तीचा एकही रोल आणायचा नाही. डोकं शांत ठेवायचं.
माझी बायको दोनाता म्हणाली, ठेव की शांत, पण घरात दीडच रोल उरलाय. बायकांना तत्त्वाचं काही सांगण्यात अर्थ नसतो.

१२ मार्च, दुपारी
कालिनाचा फोन. आईला नाही, मला! एरवी लेकीचं माझ्याशी बोलणं म्हणजे, बाबा, बरा आहेस ना, आईला दे. आज म्हणाली, बाबा, तूच हवा होतास. इकडे टॉयलेट पेपर कुठेच मिळत नाहीये, घरात दोन पोरं, तुझ्या ओळखीपाळखीत कुठे जमेल का?
जमेल का म्हणजे काय! शनिवारपर्यंत दारात, म्हटलं. आवाज जरा घोगरा झाला, पण तो हवेमुळे.
ब्याऐंशीत रद्दी देऊन त्या बदल्यात पेपर मिळायचा. मी एकदा रोल सुतळीत ओवले, माळ करून गळ्यात घातली आणि भर रस्त्यातून घरी आलो. बायका थांबवून विचारत होत्या, अहो, कुठे मिळाले? माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं. एवढीशी कालिना दारात टाळ्या पिटत होती.
निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलेलं हे पहिलंच. फार बरं वाटलं. कालचा निश्चय तूर्त स्थगित.

१३ मार्च, शुक्रवार
चौकातल्या मोठ्या दुकानात गेलो. पेपरचं कपाट साफ. तिथल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, आजोबा, सकाळी लवकर यायचं असतं. आजोबा! मला! या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.
रिकाम्या हाताने परतणं स्वभावात नाही. कागदी नॅपकिनचं एक पाकीट आणलं, मऊ आहेत. घरी चष्मा लावल्यावर दिसलं की मुलांच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या समारंभाचे आहेत. प्रत्येकावर सोनेरी पेला आणि त्यावर कबूतर. दोनाता म्हणाली, बोगुश, हे पवित्र आत्म्याचं चित्र घेऊन तू नेमका कुठे जाणार आहेस?
पाकीट कपाटात वर ठेवलं.

१५ मार्च
उजाडायच्या आत निघालो. आमच्या गल्लीतल्या छोट्या दुकानापुढे माझाच पहिला नंबर. बराच वेळ दुसरं कुणी येईना, तेव्हा शंका आली. आज रविवार. रविवारी दुकानं बंद असतात हे मला माहीत आहे. पण अशा संकटात सरकारला जरा तरी अक्कल नको?

१६ मार्च
आज खरं काम केलं. त्याच दुकानापुढे रांग होती, पण नुसती बजबजपुरी. आमच्या काळी रांगेची समिती असायची. नावं लिहायची, मधूनमधून हजेरी घ्यायची, गैरहजर असेल त्याचं नाव कापायचं. रात्र रात्र रांग चालायची, पण शिस्तीत. मी पुढाकार घेतला. वही काढली, पेन काढलं, म्हटलं मंडळी, या, नावं लिहा.
पेनाला कुणी हात लावेना. मी एक पाऊल पुढे गेलो की सगळी रांग दोन पावलं मागे. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या ओतिल्याबाई लांबूनच ओरडल्या, अहो बोगुमिलराव, मघाशी ते पेन तुमच्या तोंडात होतं!
या गडबडीत पेपर आला आणि संपलाही. मला मिळाला नाही. पण नियमाप्रमाणे बघितलं तर यादीत पहिलं नाव माझंच आहे. एकुलतंही.

१८ मार्च
कालिनाला फोन करून प्रगती कळवली. म्हटलं, चक्रं फिरायला लागली आहेत. म्हणाली, बाबा, घाई नाही रे, सावकाश होऊ दे. किती समजूतदार पोर! शनिवार कधीच उलटून गेला, पण एका शब्दाने बोलली नाही.
घरातल्या वापरावर मर्यादा घातली. माणशी पेपरचे किती चौकोन ते कागदावर लिहून संडासाच्या दाराला आतून चिकटवलं. दोनाताने विचारलं, जास्त लागले तर अर्ज कुणाकडे करायचा? मी म्हटलं, माझ्याकडे. ती हसून हसून रडली आणि डोळे पुसायला चार चौकोन घेतले.

२० मार्च
रात्रभर डोक्यात एकच विचार. सकाळी उलगडा झाला. रद्दी! मूर्खासारखे सगळे दुकानांत गर्दी करतायत, मूळ उगमाकडे कुणाचं लक्षच नाही.
तळघरात दोन ढीग आहेत. एक माझ्या फुटबॉलच्या साप्ताहिकांचा, दुसरा दोनाताच्या विणकामाच्या मासिकांचा. साप्ताहिकांना ऐतिहासिक मोल आहे, त्यामुळे मासिकं ढकलगाडीत घातली. तिने कित्येक वर्षांत विणकाम केलेलं नाही. मी अंगात घातलेला स्वेटर सोडला तर.
रद्दीवाल्याने वजन केलं आणि हातावर चिल्लर ठेवली. मी उभाच. म्हणाला, काय काका, कमी वाटले का? मी म्हटलं, रोल? म्हणाला, कसले रोल? मग त्याला ब्याऐंशीची पद्धत समजावून सांगितली. तो आधी ऐकत राहिला आणि मग त्याने आतल्या माणसाला हाक मारली, अरे ये रे, हे ऐक, काका परत सांगा ना!
मासिकं परत मागितली. तोवर ती यंत्रात दाबून झाली होती.

२४ मार्च
नियम आणखी कडक झाले. गरजेशिवाय घराबाहेर पडायचं नाही. दोनाता म्हणाली, आता घरात बसून काय करू, नातवंडांना स्वेटर विणते. आणि तळघरात गेली.
वर आली तेव्हा चेहरा उतरलेला. हरणांच्या नक्षीचा अंक शोधत होती. त्यात तिच्या आईने पेन्सिलीने टाके दुरुस्त करून लिहिले होते म्हणे. हे मला कुठून माहीत असणार?
मी म्हटलं, तळघरात ओल आहे, उंदीरही झालेत. ती म्हणाली, उंदरांनी विणकाम तेवढं खाल्लं आणि फुटबॉल ठेवला का?
उंदरांच्या आवडीनिवडीबद्दल मी काय सांगणार. रात्री जेवण गेलं नाही. सॉसेज जरा खारट होतं.

२६ मार्च
विजय! जिन्यात ओतिल्याबाई भेटल्या. म्हणाल्या, पेपर ना? अहो, चौकातल्या मोठ्या दुकानात सोमवारपासून डोंगर लागलाय. म्हणजे मला आजोबा म्हणाले ते दुकान. मोठ्या कामासाठी मान-अपमान गिळावा लागतो. गेलो, गठ्ठा उचलला, आलो.
लगेच कालिनाला फोन. म्हटलं, आलोच घेऊन. तर ती अडखळली. नको नको बाबा, आता बाहेर नको पडूस, तुझ्याकडेच राहू दे, ईस्टर झाल्यावर बघू. मग हळू आवाजात म्हणाली, आईला दे जरा.
विचार केल्यावर अर्थ लक्षात आला. तिला साठा सुरक्षित ठिकाणी हवा आहे. गोदाम चालवलेल्या माणसाकडे. म्हणजे आता एका गठ्ठ्यावर भागणार नाही. जबाबदारी वाढली.

३ एप्रिल, शुक्रवार
आयुष्यभर एक नियम पाळला. रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग विचारायचं काय मिळतंय. विचारत बसलं की तेवढ्यात दहाजण पुढे घुसतात.
औषधं आणायला निघालो होतो. जुन्या बाजारामागच्या गल्लीत ही मोठी रांग, माणसामाणसात दोन मीटर अंतर, सगळे गंभीर. नक्की काहीतरी चांगलं आलं असणार. उभा राहिलो. हळूहळू सरकत कोपरा वळलो आणि समोर चर्चचं दार. आत पाचच जणांना परवानगी, म्हणून बाहेर रांग. ईस्टरच्या आधीचा पापांचा कबुलीजबाब!
गुपचूप सटकावं म्हणून वळलो, तर मागे ओतिल्याबाई. चेहरा नुसता फुललेला. बोगुमिलराव, तुम्ही? इतक्या वर्षांनी? दोनाताला केवढा आनंद होईल! आता कसा सटकणार?
कबुलीजबाबाची जाळीची पेटीही नव्हती. संसर्ग नको म्हणून फादर एका भिंतीशी खुर्चीवर, मी समोरच्या भिंतीशी. पोरसवदा फादर. म्हणाला, जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही. मी चिडचिड, कंटाळा, रविवारची प्रार्थना चुकवणं असली किरकोळ पापं सांगितली. तो म्हणाला, आणखी काही? आणि माझ्या तोंडून मासिकं बाहेर पडली. मोठ्याने. दाराशी ओतिल्याबाई अगदी स्तब्ध उभ्या होत्या.
प्रायश्चित्त काय, तर घरी जाऊन बायकोला खरं सांगा. मी विचारलं, त्याऐवजी जपमाळ ओढली तर? दोनदा ओढतो. नाही म्हणाला. हल्लीच्या फादरांना तडजोड माहीत नाही.

४ एप्रिल
ओतिल्याबाईंच्या आधी सांगणं भाग होतं. दोनाता बटाटे सोलत होती. सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. त्या दिवशी तू ढकलगाडी घेऊन निघालास तेव्हाच खिडकीतून पाहिलं होतं. कधी बोलतोस त्याची वाट बघत होते.
मला खरंच लाज वाटली. माफी मागितली. पण आपली बाजूही मांडायला हवी, म्हणून म्हटलं की हे सगळं कालिनासाठी केलं.
तेव्हा ती भडकली. सुरी खाली ठेवली. कालिनासाठी? अरे, कालिनाच्या नवऱ्याने फेब्रुवारीतच पोटमाळा भरून पेपर आणून ठेवलाय! मीच तिला फोन करून सांगितलं, बाबाकडे काहीतरी माग. काहीही माग. नोकरी संपल्यापासून दिवसभर त्या खिडकीत उभा असतोस, कुणाशी धड बोलत नाहीस, मला बघवत नव्हतं. आणि आता तर दारंच बंद होणार होती. वाटलं, चार दिवस तरी माणसात येशील.
एवढं सगळं बोलायचं नव्हतं तिला, ते दिसलंच. मग पुन्हा बटाटा उचलला, तो सोललेलाच होता.
मी म्हटलं, बरं.

५ एप्रिल, रविवार
प्रार्थना टीव्हीवर ऐकली. लिहिण्यासारखं काही नाही.
कालिनाचा फोन आला. मीच उचलला. बाबा, बरा आहेस ना, म्हणाली. हो म्हटलं आणि आईला दिला.
दाराला चिकटवलेला कागद काढून टाकला.

९ एप्रिल, सकाळी
दोनाताने स्वयंपाकघरातून हाक मारली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, यीस्ट संपलंय रे. ईस्टरचा बाबका केक कसा फुगवू? अख्ख्या गावात मिळत नाहीये म्हणतात. तुला कुठे जमलं तर बघ.
मोहरीच्या सॉसची बाटली काढायला मी मघाशीच फ्रिज उघडला होता. बाटलीच्या मागे यीस्टच्या दोन ताज्या वड्या आहेत.
मी म्हटलं, अवघड आहे. सध्या यीस्टची फारच टंचाई आहे. पण बघतो.
हातमोजे घातले आहेत. निघतो.