‘पोहोचला’च्या चौकटीतली खूण

आचाओ, २३ ऑगस्ट

प्रिय एलियेसेर,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मी मुद्दामच घातलं नाही. घातलं असतं तर तू ते न उघडता चुलीत टाकलं असतंस, आणि तुझं काही चुकलंही नसतं. मी नोल्फा. नोल्फा बार्रिया, रेडिओच्या खिडकीतली. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र होती तशीच आहे, जित्याची खोड. हे पत्र शेवटपर्यंत वाच एवढीच विनंती. मग हवं तर जाळ.

आधी बातमी सांगते, कारण पत्राला निमित्त तीच आहे. तू बांधून दिलेला निरोपांचा डेटाबेस या गुरुवारी बंद होतोय. बावीस वर्षं चालला बघ. दोन हजार एकच्या हिवाळ्यात तू आणि मी एकाच स्टोव्हपाशी बसून जुन्या वह्यांतले निरोप त्यात चढवत होतो, आठवतं? मी वाचायची, तू टाइप करायचास, आणि मध्येच थांबून म्हणायचास, “नोल्फा, एवढा दाणदाण आवाज काढू नकोस, निरोप आहे, भांडण नाही.” मग तुझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली, की निरोप निवेदकाने कशाला वाचायचा, ज्याचा त्याने आपल्या तोंडाने सांगावा. लोकांनी खिडकीतल्या मायक्रोफोनमध्ये बोलायचं आणि दुपारी बाराला आपण ते बेटाबेटांवर ऐकवायचं. डॉन एर्नाल्दो तेव्हाही रेडिओचे संचालक होते. ते म्हणाले होते, “लोक लाजतील.” लाजतात कसले! दोन्या त्रान्सितोने पहिल्याच दिवशी नवऱ्याला भर दुपारी सगळ्या द्वीपसमूहासमोर झापलं, की डुकराचं पिल्लू विकून येतो म्हणालास आणि तीन दिवस कुठे उलथलास म्हणून.

तर तो डेटाबेस थकला. बत्तीस बिटांचा तो. आता आर्काइव्ह एवढं फुगलंय, की काही शोधायला गेलं की मान टाकतो, आणि नेमका बाराला पाच कमी असताना. पोर्तो मोंतहून यास्ना नावाची इंजिनियर आली. हुशार बाई, मातेचा चहाही आपल्यासारखाच पिते, नळीतून चर्र आवाज येईपर्यंत. तिने सांगितलं, या मशीनला जेवढी मेमरी मोजता येते तेवढी संपली, पुढचे आकडेच त्याला येत नाहीत. चौसष्ट बिटांवर जा, नाहीतर एक दिवस हे मशीन बसेल आणि सगळंच घेऊन बसेल. पण तिथे एक मेख होती. मजकूर सगळा जाईल, आवाज जाणार नाहीत. आवाज गुंडाळून ठेवणारा आणि उलगडणारा प्रोग्रामचा जो तुकडा तू लिहिलास, तो बत्तीस बिटांचा, नव्यात चढतच नाही. त्याचं मूळ लिखाण कुणाकडे नाही. “ज्याने लिहिलं त्याला विचारा,” यास्ना म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. तुझं-माझं लग्न ठरलेलं सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, माझ्याकडे ना त्याचा पत्ता ना नंबर. वर आणखी शहाणपण केलं, की जुने आवाज कोण ऐकतंय आता, मजकूर आहे ना, पुरे झालं, उरकून टाका. मी इतकी घाई करतेय बघून डॉन एर्नाल्दोंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “तूच का ही? जुन्या फिती उंदराने कुरतडल्या तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस.” मी विषय बदलला. त्या दिवशी जवळजवळ ठरलंच होतं, की आवाज सोडून द्यायचे.

ते मोडलं दोन्या त्रान्सितोने. तिचा नवरा बुडाला, तुला कळलं असेल किंवा नसेलही. तिला कुठूनशी कुणकुण लागली आणि ती होडी करून आली, ओल्या शालीनिशी थेट बैठकीत. “माझ्या म्हाताऱ्याचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. जे काय आहे ते तुमच्या त्या खोक्यात आहे. तो मला शिव्या देतोय, असू दे, पण त्याचाच आवाज आहे ना? आणि तुम्ही टाकून निघालात!” मग म्हणाली, “घर हलवताना बैल लावतो, गाव लावतो, ओंडके लावतो. घरातलं माणूस मागे ठेवतो का?” यास्नाला घर हलवणं म्हणजे अख्खं लाकडी घर ओंडक्यांवरून दुसऱ्या जागी ओढत नेणं, हे समजावून सांगावं लागलं. समजल्यावर तीच म्हणाली, की एक मार्ग आहे, पण वेळखाऊ. जुन्या मशीनवर एकेक आवाज वाजवायचा आणि वायरीने नव्यात भरून घ्यायचा. जेवढ्या तासांचा आवाज तेवढेच तास. नऊशेच्या वर भरले.

झाली की मिंगा, सगळा गाव एका कामाला! बैलांशिवायची पहिलीच. जून-जुलैभर लोक बेटांवरून येत राहिले, पाळ्या लावून. कुणी बटाट्याचा मिल्काओ आणला, कुणी सफरचंदाच्या चिचाचा कॅन, कुणी लाकडं. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने नव्यातली नोंद तपासायची, बाकीच्यांनी स्टोव्हभोवती बसून ऐकायचं. मेलेली माणसं बोलत होती आणि आम्ही खात होतो. हसूनहसून पोटात दुखायचं आणि मध्येच कुणीतरी उठून बाहेर जायचं. म्हातारा आपल्याला शिव्या देतोय ते त्रान्सितोने चार वेळा ऐकलं. आवाज कसेही मागेपुढे लागत होते, त्यात तुझा माझ्यावरचा विनोदही एक निघाला, चाचणीसाठी भरलेला. तू म्हणतोस, “एक दोन तीन, नोल्फा बार्रियाने आज आंघोळ केलेली नाही.” सगळे हसले. मी चूल सारायला उठले.

मी रोज जात होते, एलियेसेर. पाळी नसली तरी. २००९च्या नोंदी कधी लागतात ते मला बघायचं होतं. माझ्या पाळीत लागल्या असत्या तर एक नोंद मी गाळणार होते. नऊशे तासांत एक मिनिट, कोण विचारणार होतं? पण ती त्रान्सितोच्या पाळीत लागली, भरल्या खोलीत, दुपारी. तुझ्या आईचा आवाज.

आता मागचं सांगते. एप्रिल २००९मध्ये तू सीमेपलीकडून, रिओ गायेगोसहून फोन केलास. गेल्यानंतर सहा वर्षांनी. डेटाबेस कसा चाललाय विचारलंस, नंबर लिहून घे म्हणालास, आणि बोलता बोलता सहज म्हणालास, “माझी बायको इथे शाळेत शिकवते.” दोन वर्षांत येतो म्हणून गेला होतास तू. मी तुझी वाट पाहत होते हे तुला ठाऊकच नव्हतं, की ठाऊक असूनही बोललास, हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, “अरे वा, छान,” आणि फोन ठेवला.

त्यानंतर नवव्या दिवशी तुझी आई, दोन्या एर्सिरा, खिडकीशी आली. भिंत धरून. तुझ्यासाठी निरोप ठेवला. आपला रेडिओ सीमेपलीकडे पोहोचत नाही, तेव्हा लांबच्यांचे निरोप खिडकीतल्या माणसाने फोन करून कळवायचे, ही आपली पद्धत तुला माहीत आहे. पोहोचला की ‘पोहोचला’च्या चौकटीत खूण करायची. ती चौकटही तूच बनवलेली. तुझा नंबर माझ्या खणात होता. मी फोन उचलला नाही. खूण मात्र केली.

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला तरी विचारायला पाठवलं. मी सांगितलं, पोहोचला. रागाच्या भरात एक दिवस गेला, मग उद्या करू म्हणून आठवडा गेला, आणि मग इतका उशीर झाला होता की कोणत्या तोंडाने करणार? सतराव्या दिवशी ती गेली. तिला वाटलं, मुलाला कळलं आणि तरी तो आला नाही. हे मी तिला वाटू दिलं. गावालाही वाटू दिलं. जुलैत तो आवाज ऐकून त्रान्सितो थुंकलीच, “एवढं ऐकूनही आला नाही, धोंडा मेला!” सगळ्यांनी माना डोलावल्या. तुला शिव्या दिल्या आणि तिच्यासाठी क्रूस केला. आणि मी? तोंडात मूग धरून बसले, हातात मिल्काओचा तुकडा घेऊन. चौदा वर्षं हे असंच चाललंय.

दफनानंतर दीड महिन्याने तुझं पत्र आलं होतं, माझ्या नावावर. मेंढ्या कातरायला आलेल्या कुणाकडून तुला कळलं होतं. तीनच ओळी होत्या. “नोल्फा, आईने शेवटी मला बोलावलं का? माझं नाव तरी काढलं का? खरं सांग.” ते पत्र खणात आहे. मी ‘नाही’ असंही लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. गेल्या वर्षी तिकडून आलेल्यांनी सांगितलं, त्याच पत्त्यावर तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाची पाटी आहे.

यास्ना काल म्हणाली, खुणा आहेत तशा नव्यात जातील, काही बदलायचं असेल तर आत्ताच. आज सकाळी डॉन एर्नाल्दोंना समोर बसवून सगळं सांगितलं आणि ती एक खूण काढली. त्यांनी ती रिकामी चौकट पाहिली. मग म्हणाले, “रेडिओवर सांग. त्याचं नाव तुझ्यामुळे गेलंय, तूच परत आण.” गुरुवारी बाराला, नव्यातून जाणारा पहिला निरोप माझा असेल. मग गावाने मला काय म्हणायचं ते म्हणू दे. क्षमा मागत नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. तुझा तुकडाही मागत नाही, त्याचं काम झालं. तुझ्या पत्राचं उत्तर देतेय, आणि निरोप देतेय. पाकिटात फीत आहे, तिचा आवाज त्यात आहे. पण निरोप पोहोचवायचं काम खिडकीतल्या माणसाचं, म्हणून माझ्या हातानेही लिहून देते.

‘रिओ गायेगोस येथे एलियेसेर मान्सिया याला, आईकडून. बाळ, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. मी रागावलेली नाही. लग्न केलंस ते ऐकलं, बरं केलंस, सूनबाईलाही आण. सफरचंदं उतरवलीत, तुझी वेगळी ठेवलीत. उत्तरेचा वारा असेल तर लहान होडीने येऊ नकोस, एक दिवस थांब, मी थांबते. जो कोणी हे ऐकेल त्याने कृपा करून निरोप पोहोचवावा.’

मी ऐकला होता, एलियेसेर. चौकट रिकामी ठेवली आहे. तुझी एक ओळ आली तरच तिथे खूण होईल.

कधी काळी तुझीच,
नोल्फा