उलटं टांगलेलं कापड

कसाल,
जानेवारी २००४

प्रिय प्रेमा,

आपल्या शाळेच्या शताब्दीला मी भाषण करायला गेले होते. तू मासळी घेऊन बाजारात बसली होतीस, म्हणून आली नाहीस. माझं बोलणं अर्ध्यावर असताना प्रदर्शनाच्या खोलीत आरडाओरडा झाला. तुझ्या लेकीने, दिव्याने, भिंतीवरचं एक कापड ओढून फाडलं होतं. पोरीने शाळेची वस्तू फाडली, एवढाच निरोप तुला मिळाला. कोणती वस्तू ते कुणी सांगितलं नाही, दिव्यानेही नाही. म्हणून मी सांगते, आणि राग गिळून सांगणं मला जमणार नाही.

त्या खोलीत मुलींच्या शिवणकामाचे जुने नमुने लावले होते. धावदोरा, साखळी, काजं, रफू, आणि खाली टाक्यांनी भरलेलं मुलीचं नाव. "काय सुबक हात होते पोरींचे!" म्हणत पाहुणे फिरत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा आईबापांची समजूत काढायला हीच सुई पुढे केली गेली. वाचून बिघडेल म्हणता? अहो, शिवायलाही शिकेल! विलायतेत तर अनाथ मुलींना कापडावर अक्षरं भरायला शिकवत, ती मालकांच्या चादरींवर मालकांची नावं घालता यावीत म्हणून. टाका सुंदरच असतो गो. पण कापडाची उलट बाजू बघून पोरीची लायकी ठरवणं, हे कुठलं शिक्षण?

आपल्या शिवणबाई आठवतात? तू वडिलांबरोबर जाळी विणणारी. जाळ्यात प्रत्येक डोळ्याला गाठ लागते, एक तुटला तरी बाकीचे सुटू नयेत म्हणून. भरतकामात मागे गाठ दिसता कामा नये, पण तू नमुन्यावरही तशाच गाठी मारल्यास. बाईंनी कापड उलटं करून वर्गासमोर धरलं. "काय गं, बांगडे धरायचेत का यात?" तू म्हणालीस, "बाई, ह्यां कधी सुटाचा नाय." वर्ग आणखीच हसला. कापड बाईंनी ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी तू शाळेत नव्हतीस.

ते कापड फेकलं गेलं नव्हतं, प्रेमा. इतकी वर्षं शिवणाच्या वर्गात ते उलटं टांगलेलं होतं, खाली चिठ्ठी लावून: 'टाके असे घालू नयेत.' उलट बाजूनेही तुझं नाव वाचता येतं. दिव्या त्याच भिंतीखाली बसते. "गाठबायचा चेडू इला!" म्हणत मुली तिला गाठबाईची लेक म्हणून चिडवतात. तुला लागेल म्हणून तिने घरी चकार शब्द काढला नाही, मलाही खोदून विचारल्यावरच सांगितलं. त्या दिवशी मात्र गावभरच्या पाहुण्यांसमोर तेच कापड तसंच उलटं लावलेलं तिने पाहिलं.

आता मुख्याध्यापक म्हणतात, सोमवारी आईने येऊन माफी मागावी, नाहीतर पोरीचा दाखला घेऊन जावं. आणि तू हो म्हणालीस! "पोर शिकाक व्हयी, माफी मागून मी काय झिजतंय?" असं तू म्हणालीस, हे तुझ्या नवऱ्यानेच, सत्यवानाने, मला सांगितलं. अगो, झिजेल ती दिव्या. जिच्यासाठी ती भर प्रदर्शनात उभी राहिली, तिलाच मान खाली घालताना ती बघेल. दाखल्याची धमकी माझ्यावर सोड, मी जिल्ह्यापर्यंत जाऊन भांडेन. तू सोमवारी जरूर ये, दिव्याला बरोबर घेऊन ये. माफी त्यांनी मागायची आहे, आणि ती ऐकायला तुम्ही दोघी समोर हव्यात. फाटकाशी मी आधीच येऊन उभी असेन.

तुझीच,
सुभद्रा