दोन पिशव्या

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मी तुझ्यापेक्षा मोठी आहे. शाळेच्या ऑफिसातून आत्ताच घरी आले, चहा केला आणि घनसोलीच्या आमच्या गॅलरीत बसून तुला लिहायला घेतलं. कारण एवढंच की बरं वाटतंय, आणि हे सांगायला आधी तूच आठवलीस.

तुर्भ्याच्या गोदामात तू मिरच्या निवडायचीस. सुट्टी असली की मलाही न्यायचीस. तिथे बायकांना संडास नव्हता, म्हणून तुम्ही सगळ्याजणी घोटभर पाण्यावर दिवस काढायचात. एकदा मी रडून गोंधळ घातला, तेव्हा तू मला उभ्या ट्रकांच्या मागे नेलंस. परत येताना दंड धरून म्हणालीस, "पानी कमी पेत जाय. बाईच्या जातीनं दम धरावा." तुझा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. ते मला फार उशिरा कळलं.

मी दम धरायला शिकले. आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, सगळं निभावलं. केस परत आले, कामावर जायला लागले. मग लघवीला जळजळ सुरू झाली. पुढे लघवीतून हवेचे बुडबुडे येऊ लागले, मग घाणही. कॅन्सर परत आला होता आणि मूत्राशयात शिरला होता. दम धरण्याची सोयच उरली नाही. टेबलाशी बसते न बसते तोच उठावं लागे. शेवटी शाळेत कामाला जाणं सुटलं, शेजारणीकडे जाणंही सुटलं.

डॉक्टर म्हणाले, "मूत्राशय आणि खालचं आतडं काढावं लागेल. पोटावर दोन पिशव्या येतील, एक शौचाची, एक लघवीची. कायमच्या." मी सरळ नाही म्हणाले. रिक्षात यांना म्हटलं, त्यापेक्षा मेलेलं बरं. घरी आले ती तडक संडासात. तुझी नात दाराबाहेर उभी. म्हणते, "आई, तू आता तरी कुठे जगतेस? सगळा दिवस या दाराच्या आत जातो तुझा. लाव ना पिशव्या आणि बाहेर ये." मी आतून ओरडले, "तुझं काय जातंय बोलायला!" ती हळू म्हणाली, "माझी आई जातेय." मी कडी काढली.

ऑपरेशन फार मोठं झालं. शुद्धीवर आल्यावर पोटाकडे बघवेना. नर्स म्हणाली, "मावशी, हात लावा. तुमचंच पोट आहे." लावला. घरी पहिल्यांदा पिशवी बदलताना यांनी पोटाला चिकटवायच्या चकतीचं भोक एवढं मोठं कापलं की सगळी चादर भिजली. हे कात्री हातात धरून तसेच उभे. मला हसू फुटलं, मग यांनाही. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं हसत होतो.

मागच्या आठवड्यात तळवलीत शाळेतल्या मावशींच्या मुलाची हळद होती. मांडवात शिरल्यावर संडास कुठेय हे मी विचारलं नाही. ताक प्यायले, मागून आणखी प्यायले. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाय, जेवल्याबिगर जायचं नाय हां." मी बसले, जेवले, बँजो थांबेपर्यंत बसले. साडीखाली दोन्ही पिशव्या आपापलं काम करत होत्या आणि जळजळ नव्हती. माय, काही दुखत नाही हे किती मोठं असतं!

सगळं संपलं असं नाही. फुप्फुसात एक ठिपका आहे, त्याच्यावर गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवू. ठेवू दे. सध्या अर्धा दिवस जाते, सोमवारपासून पुन्हा पूर्ण वेळ कामावर जाणार आहे.

हे तुला पाठवायला पत्ता नाही, आणि पाठवायचंही नाही. पण एक सांगून टाकते, रागावू नकोस. तुझी आठवण रोज येते, पण तुझ्याकडे यायची मला अजिबात घाई नाही.