लंडनच्या पुस्तकवाल्याची बायको

आई,

परवा तुझ्या नातीने शाळेत तुझ्या पुस्तकवाल्याची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात तुझा विषय निघाला तरी कुणाचा आवाज जड होत नाही. मुलगी तर तुझ्याबद्दल शेजारच्या ब्लॉकमधल्या माणसाबद्दल बोलावं इतक्या सहज बोलते. मलाच तेवढं जमत नाही.

तू पन्नाशी उलटल्यावर पीएचडीला नाव नोंदवलंस. गिरणीकामगाराची मुलगी, नागपूरच्या आपल्या वस्तीतली इंग्रजीत एम.ए. झालेली पहिली बाई, आणि विषय घेतलास साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये होऊन गेलेल्या एका पुस्तकविक्रेत्याचा. मामा वैतागला होता. "ताई, आपल्या माणसांवर लिहायचं सोडून हा गोरा कुठून शोधून काढलास?" तू चहा गाळत होतीस. गाळणं आपटून म्हणालीस, "ज्याच्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं असा पोरगा शहरात येतो आणि जन्मभर अक्षरं विकून पोट भरतो. मला तर तो परका वाटत नाही." मामाने चहाचा कप उचलला. मला तेव्हा इंजिनिअरिंगची परीक्षा होती आणि तुझा तो माणूस मामाला वाटला तितकाच मलाही अनावश्यक वाटत होता.

निवृत्तीनंतर तुला सिंगापूरला आणलं ते विश्रांतीसाठी, असं मी सगळ्यांना सांगायचे. माझं ऑफिस तांजोंग पगारला, नवरा अर्धा महिना जकार्ताला, मुलगी पाच वर्षांची. तुझ्या विश्रांतीत तिची स्कूलबस, तिचा डबा, तिचा ताप हे सगळं आलं. यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये तू सकाळी आम्हाला वाटेला लावायचीस आणि जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून तिथे लिहायला बसायचीस. दुपारी बस आली की कागद उचलून खाली जायचीस. वरणभात भरवताना तिला दुसऱ्या कुठल्या गोष्टी नव्हत्याच. तोच माणूस, रोज थोडा थोडा.

खेड्यातल्या खाटकाचा मुलगा. चौदाव्या वर्षी लंडनला एका पुस्तकविक्रेत्याकडे शिकाऊ म्हणून राहतो, सात वर्षं मालकाच्या दुकानातच झोपतो, कोरे आणि छापील कागद वाहून वाहून त्याचा एक खांदा खाली उतरतो. मग मोठ्या चर्चच्या आवारात त्याचं स्वतःचं दुकान. तेव्हा विक्रेतेच पुस्तकं छापून घ्यायचे; ती बहुतेक सुटी विकली जायची, बांधणी गिऱ्हाइकाने हवी तशी करून घ्यायची. त्याने प्रवचनं विकली, पंचांगं विकली, नाटकं विकली, आणि एकदा सरकारला न आवडणारी एक पुस्तिका विकली म्हणून तुरुंगात गेला. बाहेर आला, दुकान पुन्हा उभं केलं, तर शहराला आग लागली. सगळ्या पुस्तकवाल्यांनी आपापला माल चर्चच्या तळघरात नेऊन ठेवला होता, दगडी भिंती आहेत म्हणून. चर्चच जळलं. इथे मुलगी दरवेळी घास तोंडातच धरून ठेवायची. तू म्हणायचीस, "गीळ आधी, मग पुढचं."

पण तुला खरी ओढ होती ती त्याच्या बायकोची. तो तुरुंगात असताना दुकानातून पुस्तकं निघतच राहिली, त्याच्याच नावाने, आणि आधीपेक्षा कमी चुकांची. "म्हणजे कुणीतरी वाचत होतं, तपासत होतं," तू मला एकदा सांगितलंस. "तिचं नाव कुठेच नाही. बाई घरात असते तेव्हा ती काम करते आहे असं कुणाला वाटतच नाही." मी यावर मान हलवली असेन.

त्याच सुमारास आमच्याकडे ऑफिसातली दोन-तीन कुटुंबं जेवायला आली होती. टेबलावरचे कागद मी घाईने उचलले आणि हसत म्हणाले, "आईचा टाइमपास." पाहुणे गेल्यावर तू भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "टाइमपास म्हणू नकोस. काम म्हण." एवढंच. तू मला मोठेपणी दिलेली ती एकच समज. मी सॉरी म्हटलं आणि उरलेली भाजी फ्रिजमध्ये ठेवली.

मग लंडनचं पत्र आलं. सहा आठवडे तिथल्या ग्रंथालयात बसायची परवानगी, राहायची सोय. तुरुंगाच्या त्या महिन्यांत निघालेली पुस्तकं तुला स्वतः हातात घेऊन बघायला मिळणार होती. तू मुस्तफाच्या दुकानातून जाड स्वेटर आणलास, घालून मुलीला दाखवलास, त्या उकाड्यात. आणि माझं प्रमोशन ठरलं, नवऱ्याचं जकार्ता वाढलं, तू नसताना मुलीला सांभाळायला ठेवलेली बाई तिची आई आजारी म्हणून गावी निघून गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तू लसूण सोलत होतीस.

"आई, तुझं जरा पुढे ढकलता येईल का?"

तू हातातली पाकळी सोलून पूर्ण केलीस. "ती पुस्तकं साडेतीनशे वर्षं थांबलीत. अजून एक वर्ष थांबतील."

मला हवं होतं ते उत्तर तू इतक्या चटकन दिलंस की दुसरं काही विचारावं लागलंच नाही. पुस्तकं थांबली. पुढच्या वर्षी तू मामाच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला गेलीस आणि तिथे हृदय बंद पडून गेलीस. तुझे कागद मी नंतर नीट वाचले, सगळे वाचले. ते आगीपाशी थांबतात.

आता तुझी नात सेकंडरी शाळेत आहे. वर्गात इतिहासातल्या एका साध्या माणसावर बोलायचं होतं, तिने तुझा पुस्तकवाला घेतला. रात्री जेवताना तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मला विचारलं, "ममा, देन ही डाय ऑलरेडी, द वाइफ हाऊ? आजी टोल्ड यू ऑर नॉट?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

आणि सांगत सुटले. नवरा गेल्यावर तिने नदीच्या पुलावर दुकान मांडलं. पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव छापलं. म्हातारपणापर्यंत धंदा केला आणि शिकाऊ म्हणून मुली ठेवल्या. मुलीने सगळं लिहून घेतलं. शिक्षिकेला तोच भाग सर्वांत आवडला. घरी येऊन म्हणाली, "आजी सो स्टेडी, लाह," म्हणजे आजी एकदम भारी. यातलं एक अक्षर तुझं नाही, आई. पुराव्याशिवाय तू स्वल्पविराम देत नव्हतीस, आणि मी त्या बाईचं अख्खं आयुष्य रचून तुझ्या नावावर खपवलं. तिला अजून खरं सांगितलेलं नाही. हेही पत्र लॅपटॉपवरच राहील, पाठवायला पत्ता असता तरी राहिलं असतं.

खरं काय झालं ते तुला बहुधा कळलं होतं. लग्नाला निघण्याच्या आधीच्या रविवारी तू टेबलावरून उठून माझ्या खोलीच्या दारात आलीस. चष्मा कपाळावर, चेहरा उजळलेला. म्हणालीस, "अगं, तिचं पुढे काय झालं ते मला सापडलं असं वाटतंय." माझ्या कानावर हेडफोन होते. मी बोट वर करून तुला थांबवलं, ऑफिसचा कॉल आहे अशी खूण केली. तू हळूच दार लोटून घेतलंस आणि नंतर तो विषय काढला नाहीस.

कॉल तेव्हा संपलेला होता, आई. मला फक्त थोडा वेळ कुणाचं काही ऐकायचं नव्हतं.